लिहिलेले फाइलीत का दिसत नाही? बफरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणघाटच्या आजूबाजूला जिनिंगचे वजनकाटे, दूध संकलन केंद्रे आणि कृषी केंद्रांची बिले यांच्यासाठी लहान-मोठे प्रोग्राम लिहिणारी बरीच मुले-मुली आहेत. त्यांच्याकडून मला येणारे प्रश्न वरवर पाहता निरनिराळे असतात. कोणाची फाइल रिकामी राहते, कोणाचे नाव अर्धे तुटते, तर कोणाच्या काट्यावर आधीच्या गाडीचे वजन येते. भाषाही कधी सी असते, कधी पायथॉन, कधी जावा किंवा गो. तपासत गेल्यावर मात्र बहुतेकदा एकच गोष्ट हाती लागते, ती म्हणजे मध्ये कोठेतरी एक बफर असतो आणि माहिती नेमकी कोणाच्या हातात आहे, याविषयी प्रोग्राम लिहिणाऱ्याची समजूत चुकलेली असते. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

बफर म्हणजे नेमके काय, आणि तो मध्ये असतोच कशाला?

कापूस वेचणारी बाई एकेक बोंड हातात घेऊन धुऱ्यापर्यंत चालत जात नाही. ती कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस टाकत जाते आणि ओटी भरली की धुऱ्यावरच्या ढिगावर रिकामी करते. संध्याकाळी वजन झाल्यावर तो ढीग बंडीत भरून घरी येतो आणि खोलीत पडतो. प्रोग्रामने फाइलीत लिहिलेल्या माहितीचा प्रवासही याच तीन टप्प्यांनी होतो. ओटी म्हणजे लायब्ररीने प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीत राखलेला बफर, धुऱ्यावरचा ढीग म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यातील पेज कॅश, आणि घरातली खोली म्हणजे डिस्क.

ओटीची गरज का पडते, तेही उघड आहे. प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारणे, म्हणजेच सिस्टिम कॉल करणे, हे साध्या फंक्शन कॉलपेक्षा बरेच महाग पडते. ८१९२ बाइट एकेक करून लिहायचे तर ८१९२ फेऱ्या होतात, आणि तेच बफरमध्ये साठवून दिले तर एक फेरी पुरते. सी भाषेतील प्रमाणित वाचन-लेखनाची लायब्ररी याच विचारावर उभी आहे. माइक लेस्क यांनी लिहिलेल्या मूळ संचावरून ती घडली आणि १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत ती सर्वत्र पोहोचली. नंतरच्या जवळजवळ प्रत्येक भाषेने ही पद्धत थोड्याफार फरकाने उचलली, आणि तिच्याबरोबर तिच्या खोडीही आल्या.

प्रोग्राम हाताने चालवला की पडद्यावर ओळी लगेच दिसतात. पण तोच प्रोग्राम फाइलीकडे किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवला की गप्प का बसतो?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि माझीही यात एकदा चांगलीच फजिती झालेली आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

सी ची लायब्ररी आपले आउटपुट कोठे जात आहे, हे आधी पाहते. समोर टर्मिनल असेल, तर ती ओळ पूर्ण झाली की बफर रिकामा करते. समोर फाइल किंवा पाइप (एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याला जोडणारी वाट) असेल, तर बफर पूर्ण भरेपर्यंत ती थांबते. समोर माणूस बसला असेल तर त्याला ताटकळत ठेवू नये आणि यंत्र असेल तर फेऱ्या वाचवाव्यात, असा त्यामागचा विचार आहे. विचार शहाणपणाचा असला, तरी त्यामुळे एकच प्रोग्राम चाचणीत एक वागतो आणि प्रत्यक्ष जागेवर दुसरे वागतो. पायथॉनही हाच नियम पाळते. रस्ट या भाषेचे प्रमाणित आउटपुट मात्र पाइपमध्येही ओळीओळीने जाते, त्यामुळे रस्टवरून सी कडे येणाऱ्याला येथे ठेच लागते.

एका जिनिंगमधील वजनकाट्याच्या इंडिकेटरमधून दर सेकंदाला १६ बाइटची एक ओळ सिरियल पोर्टवर येत होती. ती वाचणारा एक प्रोग्राम मी पायथॉनमध्ये लिहिला आणि त्याचे आउटपुट पाइपने नोंदी साठवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला जोडले. घरी टर्मिनलवर पहिला प्रोग्राम व्यवस्थित ओळी छापत होता. हंगामाच्या दिवसांत तो काट्यावर बसवला, पहिली ट्रॉली काट्यावर चढली, आणि पडदा कोराच राहिला. ट्रॉली उतरून ढिगाकडे गेली, दुसरी चढली, तिसरी चढली, तरी एकही नोंद नव्हती. काटेवाल्याने मला काही न विचारता खिशातून वही काढली आणि तो हाताने वजने लिहू लागला. काही वेळाने एकदम ५१२ ओळी पडद्यावर कोसळल्या. त्या रात्री कागदावर भागाकार केला तेव्हा उलगडा झाला : बफर ८१९२ बाइटचा, ओळ १६ बाइटची, म्हणजे ५१२ ओळी, आणि सेकंदाला एक या हिशोबाने ८ मिनिटे ३२ सेकंद. हाच प्रोग्राम सी मध्ये असता, तर लिनक्सवर पाइपसाठी सहसा ४०९६ बाइटचा बफर मिळतो, म्हणून ४ मिनिटे १६ सेकंदांनी ओळी आल्या असत्या. काट्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दोन्ही सारखेच.

मग यावर उपाय काय?

बफर त्याच क्षणी रिकामा करण्याला फ्लश म्हणतात. पायथॉनमध्ये प्रिंटला ‘फ्लश’ हा पर्याय ‘ट्रू’ करून द्यावा. ही सोय ३.३ आवृत्तीपासून आहे. मूळ कोडला हात लावायचा नसेल, तर पायथॉन चालवताना ‘यू’ हा स्विच द्यावा. सी मध्ये ओळ लिहून झाल्यावर एफफ्लश हाक मारावी, किंवा प्रोग्रामच्या आरंभीच सेटव्हीबफ वापरून ओळीगणिक बफर रिकामा करण्याची पद्धत ठरवून द्यावी. ग्रेपमध्ये ‘लाइन-बफर्ड’ हा पर्याय आहे, आणि जीएनयू सेडमध्ये ‘यू’ हा स्विच तेच काम करतो.

दुसऱ्याने लिहिलेला तयार प्रोग्राम असेल, तर लिनक्सवर स्टडबफ ही आज्ञा उपयोगी पडते. ती सी च्या लायब्ररीला बाहेरून सूचना देते, म्हणून जो प्रोग्राम ती लायब्ररी वापरतच नाही, किंवा जो स्वतःच आपला बफर ठरवतो, त्याच्यावर तिची मात्रा चालत नाही. पायथॉनच्या प्रोग्रामपुढे स्टडबफ लावून तासभर वाट पाहणारे लोक मी पाहिले आहेत.

जावा वापरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट सांगायची आहे. प्रिंटरायटर तयार करताना ‘ऑटोफ्लश’ चालू केले, तरी ते फक्त प्रिंटएलएन, प्रिंटएफ आणि फॉरमॅट या तीनच मेथडना लागू होते. साध्या प्रिंटने लिहिलेला मजकूर बफरमध्येच बसून राहतो.

लॉगमध्ये चुकीचा संदेश आधी आणि त्याआधीच्या पायऱ्या नंतर, असा उलटा क्रम का दिसतो?

प्रमाणित आउटपुट (नेहमीचा मजकूर जातो ती वाट) आणि प्रमाणित एरर (चुकांचे संदेश जातात ती वाट) यांचे बफर वेगळे असतात. सी मध्ये एररचा मजकूर बफरमध्ये थांबत नाही, तो थेट जातो, पायथॉनमध्ये ३.९ आवृत्तीपासून तो नेहमी ओळीगणिक जातो. आउटपुट मात्र फाइलीकडे वळवले की साचत राहते. त्यामुळे दोन्ही एकाच फाइलीत सोडल्यावर, नंतर घडलेली चूक वर आणि आधी झालेले काम खाली, अशी फाइल तयार होते. घडलेल्या वेळेचा क्रम आणि फाइलीत उतरण्याचा क्रम वेगवेगळे आहेत, एवढे लक्षात ठेवले की अशा लॉगवरून भलताच निष्कर्ष काढण्याची पाळी येत नाही.

सी++ मध्ये सिंक-विथ-एसटीडीआयओ बंद करून सीआउट आणि प्रिंटएफ मिसळले, किंवा पायथॉनमध्ये प्रिंट वापरता वापरता मध्येच ओएस मॉड्यूलच्या राइटने थेट लिहिले, तरी हीच उलटापालट होते. एका वावरात दोन बायांनी वेगवेगळ्या ओट्यांत वेचलेला कापूस ढिगावर कोणत्या क्रमाने पडेल, हे कोणी सांगू शकत नाही.

लाइन गेली आणि शेवटच्या काही नोंदी हरवल्या. प्रोग्रामने तर ‘जतन झाले’ असे दाखवले होते. हे कसे?

आपल्याकडे लाइन जाणे ही नवलाची गोष्ट नाही, म्हणून हा प्रश्न नीट समजून घ्यावा. येथे दोन निरनिराळे अपघात एकमेकांत मिसळले जातात.

पहिला अपघात म्हणजे संगणक चालू आहे, पण प्रोग्राम अचानक मेला : कोणी तो जबरदस्तीने बंद केला किंवा तो स्वतःच कोसळला. अशा वेळी फक्त ओटीतला कापूस जातो. ढिगावर पोहोचलेली, म्हणजे फ्लश झालेली माहिती कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ताब्यात असते आणि ती सावकाश डिस्कवर जाते.

दुसरा अपघात म्हणजे संगणकच बंद पडला. या वेळी ओटी तर जातेच, पण धुऱ्यावरचा ढीगही पावसात सापडतो. लिनक्सच्या मूळ मांडणीत बदललेली पाने (पेज कॅशमधील मेमरीचे तुकडे) उतरवणारा भाग दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि साधारण ३० सेकंद जुनी झालेली पाने डिस्कवर पाठवतो. म्हणजे फ्लश केलेली नोंदसुद्धा अर्धा मिनिटभर केवळ मेमरीत असू शकते. एवढ्या वेळात काट्यावर एखादी गाडी सहज होऊन जाते.

हे टाळायचे असेल, तर दोन पायऱ्या त्याच क्रमाने कराव्या लागतात. आधी भाषेचा फ्लश करून बफर कर्नलकडे द्यावा, आणि मग एफसिंक हाक मारून कर्नलला तो डिस्कवर उतरवायला लावावे. नुसता एफसिंक केला आणि फ्लश विसरला, तर ओटीत जे आहे त्याची कर्नलला खबरच नसते. रिकामा ढीग घरी नेल्यासारखे ते होते. ही चूक मी चांगल्या अनुभवी माणसांच्या कोडमध्ये पाहिली आहे.

पूर्ण फाइल नव्याने लिहायची असेल, तर जुनी फाइल उघडून तिच्यावरच लिहू नये. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहावी, ती फ्लश आणि एफसिंक करावी, आणि त्यानंतर तिचे नाव बदलून जुन्या फाइलीची जागा तिला द्यावी. लिनक्सवर नंतर फोल्डरलाही एफसिंक करावे. मध्येच लाइन गेली, तर जुनी फाइल तरी शाबूत राहते किंवा नवी तरी पूर्ण मिळते.

एफसिंक अपयशी झाले तर ते पुन्हा करून चालेल का?

चालणार नाही. लिनक्सवर एफसिंकने एकदा चूक कळवल्यानंतर, न लिहिली गेलेली पाने कर्नल ‘स्वच्छ’ म्हणून मोजू शकते, आणि मग दुसऱ्या वेळी एफसिंक यशस्वी ठरते, पण माहिती डिस्कवर नसते. २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएलच्या विकासकांच्या ही गोष्ट लक्षात आली, आणि त्यानंतर त्यांनी एफसिंक अपयशी झाल्यास डेटाबेस थेट थांबवून, पुन्हा सुरू होताना आपल्या लॉगवरून सावरण्याची पद्धत घेतली. आपल्या लहान प्रोग्राममध्येही नोंद पुन्हा पहिल्यापासून नव्या फाइलीत लिहिणे, हाच मार्ग आहे.

डिस्क भरली होती, तरी प्रोग्रामने एकही चूक दाखवली नाही. असे होऊ शकते का?

होऊ शकते, आणि नेहमी होते. प्रिंटएफने बफरमध्ये मजकूर टाकला, तेव्हा बफरमध्ये जागा होती, म्हणून त्याच्या दृष्टीने काम झाले. डिस्कवर जागा नाही हे कळते ते बफर रिकामा होताना, आणि लहान फाइलीच्या बाबतीत तो क्षण बहुधा फाइल बंद करण्याचा असतो. एफक्लोजने परत दिलेली किंमत तपासण्याची सवय शंभरांत एखाद्यालाच असते, त्यामुळे चूक कळवली जाते, पण ती ऐकायला कोणी नसते.

लिनक्सवर याची चाचणी घरबसल्या करता येते. ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘फुल’ नावाची एक खास फाइल असते. तिच्यात काहीही लिहिले की जागा संपल्याची चूक, क्रमांक २८, मिळते. सी मधला आपला पहिला नमस्कार छापणारा प्रोग्राम तिच्याकडे वळवून पाहा. काहीही लिहिले गेले नसताना तो शून्य हा यशाचा क्रमांक देऊन संपतो. पायथॉन येथे थोडे प्रामाणिक आहे : शेवटचा फ्लश फसला, तर ते तक्रार छापते आणि १२० हा क्रमांक देऊन बाहेर पडते.

गो मध्ये बफआयओच्या रायटरला एकदा चूक आली की त्यानंतरच्या प्रत्येक लेखनाला आणि फ्लशला तीच चूक मिळते, म्हणून शेवटच्या फ्लशची चूक तपासली तरी पुरते. पण तो फ्लश ‘डिफर’मध्ये, म्हणजे फंक्शन संपताना आपोआप चालण्यासाठी, टाकून दिला, तर ही सोय वाया जाते. रस्टमधील बफरायटर नष्ट होताना स्वतः फ्लश करतो, मात्र त्या वेळची चूक गिळून टाकतो. जावाचा प्रिंटरायटर तर चुका वर पाठवतच नाही, आपण होऊन चेकएरर विचारावे लागते.

मराठी नावांमध्ये मधूनच चौकोन किंवा प्रश्नचिन्ह का येते? फाइल तर यूटीएफ-८ मध्येच आहे.

इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्या माणसाला हा दोष कधी दिसतच नाही, कारण इंग्रजीचे प्रत्येक अक्षर एका बाइटचे असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘वर्धा’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण त्यात व, र, हलन्त, ध आणि काना अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट.

आता ८१९२ या संख्येला ३ ने भागून पाहा. २७३० चिन्हे पूर्ण बसतात आणि २ बाइट उरतात. म्हणजे निव्वळ देवनागरी मजकुराचा ८१९२ बाइटचा तुकडा वाचला, तर २७३१ व्या चिन्हाचे पहिले दोन बाइट या तुकड्यात आणि तिसरा बाइट पुढच्या तुकड्यात जातो. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे अक्षरांत बदलला, तर दोन्हीकडे अर्धवट चिन्ह उरते आणि तेथे तो चौकोन येतो. खऱ्या फाइलीत आकडे, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा मिसळलेल्या असल्यामुळे हे कधी घडते, कधी घडत नाही. शंभर शेतकऱ्यांच्या यादीत एकाचेच नाव बिघडते, आणि त्याच्या वरची एखादी नोंद खोडली की ते आपोआप दुरुस्त होते! यामुळे लोक डेटा टाकणाऱ्या मुलीला बोल लावतात.

उपाय असा की बाइटचे तुकडे आपण हाताने अक्षरांत बदलू नयेत. पायथॉनमध्ये फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडावी, किंवा सॉकेटसारख्या ठिकाणी इन्क्रिमेंटल डिकोडर वापरावा; जावामध्ये इनपुटस्ट्रीमरीडर वापरावा; नोड.जेएसमध्ये स्ट्रीमला सेटएन्कोडिंग करावे. हे सर्व अर्धवट बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतात.

काट्यावर नवी गाडी उभी असताना पावतीवर आधीच्या गाडीचे वजन कसे छापले जाते?

काट्यावरचा आधी सांगितलेला दोष, म्हणजे ओळी उशिरा येण्याचा, लिहिण्याच्या बाजूचा होता, हा वाचण्याच्या बाजूचा आहे. इंडिकेटर सतत वजन पाठवत राहतो. आपला प्रोग्राम मात्र ऑपरेटर गाडीचा क्रमांक आणि शेतकऱ्याचे नाव टाइप करेपर्यंत काहीच वाचत नाही. तेवढ्या वेळात आलेल्या ओळी ऑपरेटिंग सिस्टिमच्या सिरियल बफरमध्ये रांगेने उभ्या राहतात, आणि आपण ‘वजन घ्या’ हे बटण दाबतो तेव्हा रांगेतली सर्वांत जुनी ओळ हाती येते. ती मिनिटभरापूर्वीची असू शकते, म्हणजेच गेलेल्या गाडीची. भरलेल्या ट्रॉलीच्या जागी रिकाम्या ट्रॉलीचे वजन छापले गेले, तर काट्यावर काय प्रसंग उभा राहतो, ते येथे लिहिण्याची गरज नाही.

बटण दाबल्यावर आधी इनपुट बफर रिकामा करावा; पायथॉनच्या पायसिरियल या सिरियल पोर्टच्या लायब्ररीत त्यासाठी रिसेट-इनपुट-बफर आहे. त्यानंतर येणारी पहिली ओळ टाकून द्यावी, कारण ती मधूनच सुरू झालेली असू शकते, आणि दुसऱ्या ओळीपासून वजन घ्यावे. सलग तीन-चार ओळींत वजन स्थिर आहे का, हेही पाहावे. दुसरी चांगली पद्धत म्हणजे एक स्वतंत्र थ्रेड सतत वाचत ठेवणे आणि फक्त शेवटची ओळ वेळेसह राखणे. मला ही दुसरी पद्धत अधिक पसंत आहे, कारण तीत ओळ किती जुनी आहे हे तपासता येते.

रीडलाइन हाक मारली की प्रोग्राम तेथेच अडकतो. तार तर नीट आहे.

बऱ्याच वेळा यंत्र ओळीच्या शेवटी फक्त कॅरेज रिटर्न पाठवते आणि पायसिरियलची रीडलाइन लाइनफीडची वाट पाहत बसते. ती खूण येतच नाही, म्हणून ओळ संपतच नाही. टाइमआउट दिला तर ती परत येते, पण मग हाती लागलेला मजकूर अर्धवट असू शकतो. तो पूर्ण ओळ समजून वापरू नये. रीड-अन्टिल वापरून शेवटची खूण कोणती, ते स्पष्ट सांगावे.

सी मध्ये आकडा वाचल्यानंतर नाव वाचायला गेले की प्रोग्राम थांबतच नाही, पुढे निघून जातो. कॉलेजमध्ये एफफ्लशला स्टडइन द्यायला शिकवले आहे, ते बरोबर आहे का?

स्कॅनएफने आकडा उचलला, पण आपण दाबलेले एंटर बफरमध्येच राहिले. पुढचे वाचन तेच एंटर उचलते आणि रिकामी ओळ मिळाली असे समजते. जावामध्ये स्कॅनरच्या नेक्स्टइंटनंतर नेक्स्टलाइन वापरल्यास हुबेहूब हेच घडते.

एफफ्लश हे लिहिण्याच्या स्ट्रीमसाठी आहे. वाचण्याच्या स्ट्रीमवर ते वापरले तर काय होईल, हे सी च्या स्टँडर्डमध्ये ठरवलेलेच नाही. काही जुन्या कंपायलरांवर ते मनासारखे चालते, म्हणून ते वह्यांमध्ये टिकून राहिले. लिनक्सवर टर्मिनलसमोर त्याचा भरवसा धरता येत नाही. सरळ मार्ग म्हणजे दर वेळी एफगेट्सने पूर्ण ओळ वाचावी आणि मग त्या ओळीतून एसस्कॅनएफने आकडा काढावा. जावामध्येही नेक्स्टलाइनने ओळ घेऊन तिचा आकडा करावा.

एकाच इनपुटवर दोन रीडर लावले, तर मधला मजकूर कोठे जातो?

पहिल्या रीडरच्या पोटात. आपण त्याला एक ओळ मागितली, तरी तो खालून मिळेल तेवढे, बफर भरेपर्यंत, उचलून ठेवतो. जावामध्ये सिस्टिमच्या इनपुटवर प्रत्येक मेथडमध्ये नवा बफर्डरीडर तयार करण्याची सवय पुष्कळांना असते. हाताने टाइप करताना ते खपून जाते, कारण एका वेळी एकच ओळ येते, पण फाइलीतून इनपुट दिले की दुसऱ्या रीडरला काहीच उरत नाही. रीडर एकच ठेवावा आणि तोच सर्वांना द्यावा. पाइपमधून ओळ वाचताना बॅश ही आज्ञा चालवणारी शेल एकेक बाइट वाचते, ती याच कारणाने : पुढच्या आज्ञेच्या वाट्याचे आपण गिळू नये म्हणून.

सिलेक्ट किंवा पोल, म्हणजे वाचायला काही आले का हे कर्नलला विचारणारे कॉल, वापरणाऱ्यांनाही हाच चकवा बसतो. कर्नलकडे काही शिल्लक नाही म्हणून सिलेक्ट थांबून राहते, आणि हवी असलेली ओळ आपल्याच बफरमध्ये पडून असते.

फोर्क केल्यावर एकच ओळ फाइलीत दोनदा का उमटते?

फोर्क चालू प्रोग्रामची हुबेहूब दुसरी प्रत तयार करते, तिला मूल म्हणतात. फोर्कने प्रोग्रामची पूर्ण मेमरी दुप्पट केली, तेव्हा न उतरलेला बफरही दुप्पट झाला. मग दोघांनीही संपताना आपापला बफर रिकामा केला. पडद्यावर ओळ एकदाच दिसते, कारण फोर्कच्या आधीच ती उतरलेली असते. फाइलीत ती दोनदा येते. फोर्कच्या आधी एफफ्लश करावे, आणि मुलाने काम संपवून फक्त निघायचे असेल, तर त्याने अंडरस्कोरवाले एक्झिट वापरावे, जे बफरला हात लावत नाही.

एकच फाइल वाचायला आणि लिहायला उघडली, पण नवी ओळ भलत्याच जागी गेली.

सी चा नियम असा आहे की लिहिल्यानंतर वाचण्याआधी एफफ्लश किंवा एफसीक करावे, आणि वाचल्यानंतर लिहिण्याआधी एफसीक करावे. फाइलीच्या शेवटापर्यंत वाचून झाले असेल, तेवढीच सूट आहे. पायथॉनच्या टेक्स्ट मोडमध्ये एक ओळ वाचून लगेच लिहिले, तर लहान फाइलीत नवा मजकूर दुसऱ्या ओळीवर न जाता अगदी शेवटी जातो, कारण रीडरने पूर्ण फाइल आधीच उचललेली असते. मी तर असे करूच नये असे सांगतो. पूर्ण वाचावे, मेमरीत बदलावे आणि वर सांगितल्याप्रमाणे नवी फाइल लिहावी.

गो मध्ये मोठी फाइल मध्येच संपते, चूकही येत नाही.

बफआयओचा स्कॅनर मूळ मांडणीत ६४ केबीपेक्षा लांब ओळ घेत नाही. अशी ओळ आली की स्कॅन ‘फॉल्स’ देते, जे फाइल संपल्यावरही मिळते. लूपनंतर एरर तपासावी, आणि लांब ओळी अपेक्षित असतील तर बफर मोठा करून द्यावा.

पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी झाली असे दिसले, पण तालुक्याला नेऊन उघडली तर ती अपुरी निघाली.

कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने फाइल ढिगावर टाकली आणि शंभर टक्के दाखवले. पेन ड्राइव्ह हळू असल्यामुळे ढीग अजून उचलला जायचा होता. लिनक्सवर हे सर्रास होते. ड्राइव्ह काढण्याची आज्ञा देऊन ‘आता काढता येईल’ असा संदेश येईपर्यंत थांबावे. तो संदेश यायला दोन मिनिटे लागली, तर संगणक अडकला असे समजून ड्राइव्ह ओढू नये.

मग बफर सगळीकडे बंदच करून टाकला तर?

लाखभर ओळींचा अहवाल बनवणारा प्रोग्राम मग रडत-खडत चालेल. प्रत्येक ओळीला एफसिंक केले, तर त्याहून वाईट : मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यालाच ८ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे सेकंदाला साधारण शंभरेक नोंदींवर गाडी अडते. काट्यावर दिवसाला होणाऱ्या गाड्यांसाठी हा खर्च काहीच नाही, तेथे प्रत्येक पावतीला एफसिंक करावेच. वर्षभराच्या नोंदी एकदम बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र ते शेवटी एकदा करावे. हरवली तर पुन्हा मिळवता येणार नाही अशी नोंद कोणती, हे आधी ठरवावे आणि त्यावरून बफरचे ठरवावे.

दोष बफरचाच आहे, हे कसे ओळखावे?

आधी फाइलीचा आकार पाहावा. अचानक बंद पडलेल्या प्रोग्रामची फाइल नेमकी ४०९६, ८१९२, १६३८४ अशा आकाराची असेल आणि तिची शेवटची ओळ शब्दाच्या मध्येच तुटलेली असेल, तर बाकीचा मजकूर ओटीत राहिला असे समजावे. लिहून झाले, प्रोग्राम अजून चालूच आहे आणि फाइल शून्य बाइटची असेल, तर पायथॉनमध्ये क्लोजपुढचे कंस राहिले आहेत का, ते पाहावे. कंसांशिवाय लिहिलेले क्लोज ही हाक नसते, नुसते नाव असते. लिनक्सवर एसट्रेस (प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारे साधन) लावून राइट हे कॉल पाहिले, तर प्रोग्राम कितीकिती बाइट केव्हा सोडतो ते ओळीओळीने दिसते. माझ्या त्या काट्यावरच्या प्रोग्रामला दुसऱ्या दिवशी एसट्रेस लावला, तेव्हा साडेआठ मिनिटे पडद्यावर फक्त रीड, रीड, रीड येत राहिले आणि मग ८१९२ चा एकच राइट आला. प्रिंटमध्ये फ्लश घालून पुन्हा चालवल्यावर प्रत्येक रीडच्या मागे १६ बाइटचा राइट येऊ लागला, आणि काटेवाल्याने वही खिशात ठेवली.